नगावर मोबदला आणि मराठीची चाचणी

ठाणे-बेलापूर मार्गालगतच्या ज्या पट्ट्यात एके काळी मुख्यतः रसायनांचे व यंत्रांचे कारखाने होते, तेथे महापे, ऐरोली या भागांत आज सॉफ्टवेअर कंपन्यांच्या इमारती उभ्या आहेत. तयार झालेल्या प्रणालीची चाचणी, म्हणजेच टेस्टिंग, हे या इमारतींत चालणाऱ्या कामांपैकी एक होय. परंतु ते आता इमारतींबाहेरही पडले आहे. अमेरिकेत २००७ साली सुरू झालेल्या 'यूटेस्ट' या मंडळीने (पुढे २०१४ मध्ये तिच्या कंपनीने 'अप्लॉज' हे नाव घेतले) जगभरच्या मुक्त व्यावसायिकांकडून चाचणी करवून घेण्याची जी पद्धत रूढ केली, तिचे अनुकरण पुढे इतरांनीही केले. घणसोलीत किंवा खारघरात राहणारा पदव्युत्तर विद्यार्थी स्वतःच्या मोबाइलवर हे काम करू शकतो. त्यास पदवीची अट सहसा नसते. त्याचा दूरध्वनी जुना व स्वस्त असणे ही तर कधीकधी पात्रताच ठरते, कारण कंपनीच्या प्रयोगशाळेत नसलेली साधने आणि लोकलच्या डब्यात तुटक चालणारे नेटवर्क यांवर प्रणाली कशी वागते, हेच पाहावयाचे असते.

मराठी जाणणाऱ्यास येथे विशेष वाव आहे. प्रणालीचा मराठी अवतार नीट आहे की नाही, हे यंत्राला पूर्णपणे कळत नाही; आणि भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्यास जे दिसते ते इतरांस सहसा दिसत नाही. इंग्रजी वाक्याचा साचा घेऊन त्यात संख्या व नाम भरावयाचे, ही प्रणालीकारांची नेहमीची रीत. इंग्रजीत क्रियापदाचे रूप बदलत नसल्याने ती तेथे खपून जाते. मराठीत मात्र एक संदेश हटवला, तीन संदेश हटवले. एक नोंद हटवली, तीन नोंदी हटवल्या. एक चित्र हटवले, तीन चित्रे हटवली, असा लिंगवचनाचा मेळ राखावा लागतो. एकाच साच्यातून ही सहा वाक्ये निघणे शक्य नाही.

वर्णक्रमाचे उदाहरण याहून बोलके आहे. मराठी कोशपरंपरेत ळ हा ह नंतर येतो. युनिकोडच्या कोष्टकात तो ल च्या लगेच पुढे आहे. केवळ संकेतांकांवरून आडनावांची यादी लावली, तर काळे हे कासारांच्या आधी येतात. ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत, दाखल झाले आणि त्यास जागा मिळाली ती सर्व व्यंजनांच्या व अंकांच्याही पुढे. त्यामुळे 'ॲड.' ही उपाधी लावणारे वकील हर्डीकरांच्याही मागे जाऊन बसतात. तिसरे उदाहरण दर्या आणि दऱ्या यांचे. दुसऱ्या शब्दातील अर्धा र लिहिताना पुष्कळदा एक अदृश्य जोडचिन्ह वापरले जाते. प्रणालीने ते निरर्थक समजून गाळले, की डोंगरातील दऱ्यांचा समुद्र होतो.

आता मोबदल्याकडे वळू. अशा कामात पुष्कळदा दोषागणिक पैसे मिळतात. एकच दोष दोघांनी कळविला तर सामान्यतः पहिल्याचाच धरला जातो. शिवाय काम बहुधा परदेशातील दिवसाच्या वेळी खुले होते, तेव्हा येथे रात्र असते; म्हणजे पहिले यावयाचे तर जागावे लागते. दोषांची प्रतवारीही ठरलेली असते. प्रणाली बंद पडणे हा मोठा दोष, अक्षर चुकणे हा किरकोळ. निवाडा करणाऱ्यास मराठी येत नसेल, तर दऱ्यांचा दर्या होणे त्याच्या लेखी ठिपक्याएवढी दृश्य चूक असते.

परंतु सर्वांत गंभीर अडचण निराळीच आहे. वर दिलेली तिन्ही उदाहरणे म्हणजे नियम आहेत, सुटे दोष नव्हेत. वाक्याचा साचा चुकला की तो शंभर पडद्यांवर चुकतो. चाचणीकाराने 'कारण एक, ठिकाणे शंभर' असा प्रामाणिक अहवाल दिला, तर त्यास एका दोषाचे पैसे मिळतात. त्याने नियम ओळखूनही तो न सांगता दहा पडदे वेगवेगळे कळविले, तर कदाचित दहांचे मिळतात. विखुरलेल्या उदाहरणांमागील व्यवस्था शोधण्याचे जे शिक्षण भाषाविज्ञान देते, त्यालाच या पद्धतीत दंड बसतो. निर्दोष पडदे वाचण्यात गेलेल्या वेळाचे तर काहीच मिळत नाही. चाचणीने दोषांचे अस्तित्व दाखविता येते, अभाव सिद्ध करता येत नाही, हे डाइक्स्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञाने १९६९ मध्येच बजावले होते. मग केवळ अस्तित्वाचे पैसे देणे सोयीचे वाटावे यात नवल नाही. छापखान्यातील मुद्रितशोधकाची स्थिती या बाबतीत बरी म्हणावी लागेल. तो वाचलेल्या पृष्ठांवर किंवा फर्म्यांवर मोबदला घेई. एखाद्या फर्म्यात चूक सापडली नाही, म्हणून त्याचे वाचन फुकट गेले असे कोणी म्हणत नसे.

नोकरीतील चाचणीकारास मिळणारा भविष्यनिर्वाह निधी व पगारी रजा येथे नाहीत. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० हिने पारंपरिक मालक-नोकर संबंधाबाहेर काम करणाऱ्यांची व्याख्या प्रथमच कायद्यात आणली आणि ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. व्याख्या व्यापक आहे; परंतु तिच्यातील अंशदानाचा भार ज्या मध्यस्थ कंपन्यांवर आहे, त्या डोळ्यांपुढे आणताना वाहतूक आणि घरपोच सेवा यांचाच विचार प्राधान्याने झालेला दिसतो. दुसऱ्या देशातून दोषागणिक डॉलर पाठविणारी मंडळी या चौकटीत बसविणे सोपे नव्हे.

तथापि हे काम विद्यार्थ्यांनी टाळावे असे नाही. तासावर किंवा नेमून दिलेल्या चाचणीक्रमावर मोबदला ठरलेली कामेही उपलब्ध असतात आणि भाषेच्या चाचणीस तीच योग्य होत. अहवाल लिहिताना 'हे मराठीत चूक आहे' एवढ्याने भागत नाही. निवाडा करणाऱ्यास पडताळून पाहता येईल असा आधार द्यावा लागतो, आणि तो पुष्कळदा हाताशी असतो. युनिकोड संघटनेच्या सीएलडीआर या सार्वजनिक संग्रहात निरनिराळ्या भाषांचे वर्णक्रम, वचनभेद, दिनांक लिहिण्याच्या रीती नोंदविलेल्या असतात. मराठीही त्यात आहे. महाराष्ट्र शासनानेही शासन निर्णयाने मराठी वर्णमाला व अक्षरांची वळणे प्रमाणित केली आहेत. या दोहोंचा हवाला दिलेला दोष 'किरकोळ' म्हणून झटकणे कठीण जाते.

गुप्ततेच्या अटीचा प्रश्न उरतो. चाचणीत पाहिलेली अप्रकाशित प्रणाली प्रबंधात उदाहरण म्हणून वापरता येत नाही, आणि ज्यास त्यावरच प्रबंध लिहावयाचा आहे त्याने करार स्वीकारण्यापूर्वी मार्गदर्शकास दाखविलेला बरा. म्हणून दर्या-दऱ्या यांसारख्या जोड्या, सहा रूपांची वाक्ये आणि काळे-कासारांच्या याद्या विद्यार्थ्याने काम घेण्याआधीच, प्रकाशित पुस्तकांच्या आधारे, तारीख घालून स्वतःच्या वहीत तयार ठेवाव्यात. त्या मग कोणत्याही प्रणालीवर लावून पाहता येतात आणि प्रबंधातही घेता येतात.