एका सनईचे चार आवाज

सनईचे सूर कानीं पडले कीं मंगलकार्याची आठवण व्हावी, हें आपल्याकडे स्वाभाविकच आहे. अहमदनगर जिल्ह्यास २०२४ सालीं अहिल्यानगर हें नांव मिळालें. परंतु लग्नमांडवाच्या दारीं एकानें सनई वाजवावी व दुसऱ्यानें नुसता सूर धरावा, ही रीत त्याहून पुष्कळ जुनी. याच सनईवर युरोपांतील बहुस्वरी संगीत एकट्यानें ध्वनिमुद्रित करावें, असें कोणी म्हटल्यास वडीलमंडळी हसतील. तथापि प्रश्न विचार करण्याजोगा आहे.

सुमारें १६०० ते १७५० या काळांतील युरोपीय संगीतास ‘बरोक’ म्हणतात. योहान सेबास्टियन बाख (१६८५–१७५०) हा त्याचा मुकुटमणि. आपल्या गायनांत एक स्वरपंक्ति पुढें चालते व बाकीच्या तिला साथ करतात. बाखच्या रचनेंत तीन-चार स्वरपंक्ति एकाच वेळीं चालतात. प्रत्येकीचें म्हणणें निराळें, पण कोणी कोणाचा शब्द मोडीत नाहीं. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांस हें अधिक समजावून सांगावयास नको. नगरास हे सूर अगदींच परके नाहींत. १८३१ सालीं अमेरिकन मराठी मिशन येथें आलें, त्याबरोबर पाश्चात्य चालींचीं प्रार्थनागीतेंही आलीं, पुढें ना. वा. टिळकांनीं देशी चालींच्या भजनांची त्यांस जोड दिली.

सनईचें तर बाखच्या एका आवडत्या वाद्याशीं नातेंच आहे. ओबो हें लांकडी, निमुळत्या पोकळीचें व दुहेरी पत्तीचें वाद्य. सनईची घडणही तशीच. बाखच्या लांबलचक पंक्तींत दम घ्यावयास जागा सांपडत नाहीं. पण गालांत हवा राखून, नाकानें श्वास घेत सूर अखंड ठेवण्याची विद्या आपल्या सनईवाल्यांस साध्य आहे. अडचणीही आहेत. कोमल-तीव्र स्वर अर्धें छिद्र झांकून व ओठांच्या दाबानें काढावे लागतात, आणि खर्जाचा आवाज सनईस नाहीं. त्यास तोड एकच: ती पंक्ति दुप्पट गतीनें वाजवावी आणि मुद्रण निम्म्या गतीनें ऐकावें. सूर बरोबर एक सप्तक खालीं उतरतो. मात्र त्याचा पोतही बदलतो.

एकट्यानें अनेक होण्याची युक्ति नवी नाहीं. १९४१ सालीं अमेरिकेंत सिडने बेशे यानें सहा वाद्यें स्वतः वाजवून एक तबकडी काढली. १९४६ सालीं यशा हायफेट्झ यानें बाखच्या दोन व्हायोलिनांच्या कन्सर्टोंतील दोन्ही भाग आपणच वाजविले. १९६८ सालीं प्रसिद्ध झालेल्या तबकडीसाठीं वेंडी कार्लोस यांनीं एका वेळीं एकच स्वर काढणाऱ्या विद्युत् वाद्यावर पंक्तीवर पंक्ति चढविली. त्या काळीं यास खास यंत्रशाळा लागे. आज संगणक व कानास लावावयाचे ध्वनिग्राहक एवढ्यावर भागतें. प्रथम खर्जाची पंक्ति ठेक्याच्या आधारानें मुद्रित करावी, ती कानांत ऐकत दुसरी वाजवावी, मग तिसरी. पहिली किंचित् बेसूर झाली कीं पुढील साऱ्या तिच्यामागें वाहवत जातात. म्हणून पाया पुन्हां पुन्हां तपासावा.

आतां मुख्य मुद्दा. संगीत हें परस्परांचें ऐकण्याचें शास्त्र आहे. स्वतःच्याच चार प्रतिमांशीं बोलणाऱ्यास कोणी अडवीत नाहीं, कोणी चकित करीत नाहीं, आणि कोणाकरितां थांबावेंही लागत नाहीं. ही उणीव खरी आहे. परंतु अकोले किंवा जामखेडसारख्या ठिकाणीं या संगीताची गोडी लागलेल्या मुलानें साथीदार कोठून आणावे? साथीदार मिळेपर्यंत वाद्य पेटींत ठेव, असें त्यास सांगणें म्हणजे ती गोडीच मारणें होय. त्यानें चारही पंक्ति खुशाल एकट्यानें वाजवाव्या. चौघांचें म्हणणें स्वतःच्या श्वासानें उच्चारल्यावर प्रत्येकानें कोठें नमतें घ्यावयाचें, हें त्यास जितकें कळेल, तितकें नुसत्या श्रवणानें कळणार नाहीं.

मात्र घरच्यांस आमची एक विनंति आहे. चार पंक्ति तयार झाल्या म्हणजे त्यांतील एक पुसावी, आणि तेवढी घरांतील हार्मोनियमवर बहिणीनें किंवा काकांनीं वाजवावी. चुकतील, अडखळतील, पण सनईस त्या वेळीं प्रथमच कोणासाठीं तरी थांबावें लागेल.