मोहिनीविद्या व रोगचिकित्सा

मोहिनीविद्येचे खेळ पाहून विद्यार्थी थक्क होतात आणि ‘ह्या विद्येनें रोगही बरे होतात काय?’ असें आम्हांस विचारतात. ह्याचें उत्तर भाबडेपणानें किंवा उपहासानें देणें योग्य नव्हे. तें प्रयोगाच्या कसोटीवरच दिलें पाहिजे.

अठराव्या शतकांत मेस्मर नामक वैद्य पॅरिस येथें उपचार करी. आपल्यापासून एक अदृश्य चुंबकीय प्रवाह रोग्याच्या देहांत जातो, असें त्याचें म्हणणें असे. १७८४ सालीं फ्रान्सच्या राजानें चौकशीसाठीं मंडळ नेमिलें. त्यांत फ्रँकलिन व लाव्हॉसिए हे थोर शास्त्रज्ञ होते. मेस्मरच्या शिष्यानें बागेंतील एक झाड भारून ठेविलें आणि डोळे बांधलेल्या एका मुलास निरनिराळ्या झाडांजवळ नेण्यांत आलें. मुलगा मूर्च्छित पडला खरा, परंतु भलत्याच झाडाखालीं! प्रवाह नाहीं, हा कल्पनेचा परिणाम होय, असा मंडळानें निर्णय दिला. तथापि केवळ कल्पनेनें देह मूर्च्छित व्हावा, हीही लहान गोष्ट नव्हे.

१८४५ सालीं बंगालमधील हुगळी येथें डॉ. एस्डेल ह्यांनीं रोग्यांस मोहनिद्रा आणून शस्त्रक्रिया आरंभिल्या. परंतु लवकरच ईथर व क्लोरोफॉर्म प्रचारांत आल्यामुळें ती पद्धति मागें पडली.

आज ह्या उपचारास संमोहनचिकित्सा म्हणतात. ही झोंप नव्हे. मन एकाग्र होऊन सूचना ग्रहण करण्याची ती अवस्था होय. १९८४ सालीं मँचेस्टर येथें आंतड्यांच्या चिवट विकारानें पीडित अशा ३० रोग्यांचे दोन गट केले. एकास संमोहन दिलें. दुसऱ्यास संभाषणानें मानसोपचार व औषधाच्या नांवाखालीं गुणहीन गोळ्या दिल्या. संमोहनाच्या गटास पुष्कळच अधिक आराम पडला. बेल्जममधील लिएज येथें १९९२ पासून कांहीं शस्त्रक्रियांत, जागा बधिर करण्याच्या औषधाबरोबर, संमोहनाचें साह्य घेण्यांत आलें आहे.

परंतु मर्यादाही ध्यानांत ठेवावी. सर्व माणसांवर हिचा परिणाम सारखा होत नाहीं. धूम्रपान सोडविण्यास ही इतर उपायांहून सरस आहे, असें सिद्ध झालेलें नाहीं. संमोहनांत आठवलेल्या गोष्टी खोट्याही असूं शकतात. वेदना व चिंता हिनें हलक्या होतात. जंतु मरत नाहींत, गांठ विरत नाहीं.

म्हणून पालकांस आमची विनंति, कीं मूल आजारी पडल्यास प्रथम डॉक्टरांकडून रोगाचें निदान करवावें. त्यांच्याच सल्ल्यानें, शिक्षित चिकित्सकाकडून संमोहन घेण्यास हरकत नाहीं. औषध बंद करावयास सांगणारा मोहिनीवाला मात्र दारांतूनच परत पाठवावा.