महामत्स्यांची मृगया

मासे धरणे हा एकाचा धंदा असतो, तर दुसऱ्याची हौस असते. धंदा पोटासाठी चालतो, म्हणून त्यास समर्थनाची फारशी गरज पडत नाही. हौसेस मात्र आपली बाजू मांडावी लागते. आज आम्ही वाचकांपुढे जो विषय ठेवीत आहो, तो अशाच एका हौसेचा आहे. ओढ्याच्या काठी बसून चिंगळ्या धरण्याची ही हौस नव्हे. भर महासागरात हजार पौंड वजनाच्या माशाशी एका काठीने व एका दोऱ्याने झुंज घ्यावयाची, असा हा प्रकार आहे. ज्या घरात मासळी शिजत नाही, त्या घरातील मंडळींनी हे कशासाठी वाचावे, असे कोणी विचारील. आमचे सारस्वत बंधू हा प्रश्न विचारणार नाहीत, हे उघडच आहे. इतरांस आमचे उत्तर असे की, लेखाचा विषय मासा असला, तरी त्यातील प्रश्न मनुष्याचा आहे. बलाढ्य प्राण्यास जिंकल्यावर त्याचे काय करावे, हा तो प्रश्न होय.

ही हौस केवळ पाश्चात्त्यांची, असेही कोणी समजू नये. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्याने बाराव्या शतकात रचलेल्या 'मानसोल्लास' ह्या संस्कृत ग्रंथात राजाच्या अनेक विनोदांपैकी 'मत्स्यविनोद' ह्यास स्वतंत्र प्रकरण दिलेले आहे. माशांच्या जाती, त्यांस आवडणारी आमिषे, दोरा, काठी व गळ ह्या सर्वांचा विचार त्यात आहे. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा ह्यांनी 1951 साली ह्या प्रकरणावर निबंध लिहून अभ्यासकांचे लक्ष तिकडे वेधले. कोकणात ज्यास 'गरवणे' म्हणतात, त्याचीच ही राजेशाही आवृत्ती.  आपणांस आज जावयाचे आहे ते दक्षिण अटलांटिक महासागरातील असेन्शन नावाच्या बेटाकडे.

नकाशा उघडून आफ्रिका व ब्राझील ह्यांच्या मधल्या निळ्या विस्तारावर बोट ठेवावे. विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारे आठ अंशांवर एक ठिपका सापडेल. तेथून आफ्रिकेचा किनारा सुमारे 1,600 किलोमीटर, ब्राझीलचा त्याहूनही दूर, आणि 'शेजारचे' म्हणावे असे सेंट हेलेना बेट सुमारे 1,300 किलोमीटरांवर. पोर्तुगीजांनी हे बेट 1501 साली प्रथम पाहिले. 1503 साली ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाच्या सणादिवशी आफोन्सो द आल्बुकर्क तेथून गेला आणि त्या सणावरून त्याने बेटास हे नाव दिले. हाच आल्बुकर्क पुढे 1510 साली गोवे घेणारा; तेव्हा आपल्या इतिहासाचा एक धागा त्या ओसाड खडकाशी असा जोडलेला आहे. नेपोलियनास सेंट हेलेनावर कैदेत ठेवल्यावर, 1815 साली, इंग्रजांनी असेन्शनवर पहारा बसविला. तेव्हापासून तेथे मनुष्यवस्ती आहे.

बेटाचे क्षेत्रफळ अवघे 88 चौरस किलोमीटर. सर्व भूमी ज्वालामुखीची. डार्विनाने 1836 साली ते पाहिले तेव्हा तेथे झाड म्हणून नव्हते. पुढे वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर ह्यांच्या सल्ल्याने निरनिराळ्या देशांतील रोपे आणून लावली गेली, आणि 859 मीटर उंचीचा तेथील डोंगर मनुष्यप्रयत्नाने हिरवा झाला. आजची लोकसंख्या आठशेच्या आसपास. त्यांतील कोणासही तेथे कायम राहण्याचा हक्क नाही. नोकरी संपली की बेट सोडावे लागते. बेट ब्रिटनच्या ताब्यात आहे. पण तेथे राहणारा प्रत्येक जण पाहुणा आहे. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, पुढे तिचे काम पडेल.

ह्या ठिपक्याभोवती मोठे मासे का जमतात? असेन्शन हे खरे पाहता एका प्रचंड पर्वताचे शिखर आहे. समुद्रतळापासून सुमारे 3,000 मीटर चढून आलेल्या पर्वताचा माथा तेवढा पाण्याबाहेर दिसतो. त्यामुळे किनारा सोडला की पाणी झपाट्याने खोल होते. इतर देशांत ज्या खोल पाण्यासाठी तासन् तास नाव हाकावी लागते, ते येथे दारातच असते. उघड्या सागरात अन्न विरळ; पण अशा पर्वताभोवती लहान मासे जमतात, त्यांच्यामागून पिवळ्या पंखांचा कुपा येतो, शार्क येतात, आणि सर्वांच्या मागून येतो तो निळा मार्लिन.

मार्लिन हा भाल्यासारख्या लांब चोचीचा मासा. पाठ गर्द निळी, पोट रुपेरी, शेपूट चंद्रकोरीप्रमाणे. माशाचे रक्त थंड असते असे आपण शाळेत शिकलो. परंतु ह्या कुळातील माशांच्या डोळ्याजवळच्या एका स्नायूचे रूपांतर शेगडीसारख्या अवयवात झालेले आहे. त्याच्या योगाने डोळे व मेंदू ऊबदार राहतात आणि खोलवरच्या गार पाण्यातही भक्ष्य चटकन दिसते. अटलांटिकात गळाने धरलेल्या निळ्या मार्लिनाचा विक्रम 1992 साली ब्राझीलच्या किनाऱ्यावर झाला. वजन 1,402 पौंड, म्हणजे सुमारे 636 किलो. असेन्शनभोवतीही हजार पौंडांहून जड मार्लिन गळास लागलेले आहेत, आणि त्याच ओढीने दूरदूरचे शौकीन तेथे येतात.

ह्या खेळास आजचे रूप आले ते अमेरिकेत. कॅलिफोर्नियानजीकच्या सांता कातालिना बेटावर 1898 साली चार्ल्स फ्रेडरिक होल्डर ह्या निसर्गाभ्यासकाने 183 पौंडांचा कुपा काठी व चरखी वापरून धरला, आणि त्याच वर्षी तेथे 'ट्यूना क्लब' स्थापन केला. जाड दोऱ्यांनी माशांची रास ओढून काढावी व ती वाया जाऊ द्यावी, हे त्यास सहन होईना. दोरा बारीक हवा, म्हणजे माशासही निसटण्याची संधी राहील, असा त्याचा आग्रह होता. 1930 साली कादंबरीकार झेन ग्रे ह्यांनी ताहिती बेटाजवळ मार्लिन धरला. नावेशी येईतो शार्कांनी त्याचे लचके तोडले होते, तरी तो 1,040 पौंड भरला. 1939 साली न्यूयॉर्क येथे ह्या खेळाची आंतरराष्ट्रीय संस्था निघाली, आणि तिने सर्वत्र लागू होणारे नियम घालून दिले. मासा लागल्यावर काठीस वा चरखीस दुसऱ्या कोणाचा हात लागता कामा नये. झुंजीत काठी मोडली तर विक्रम बाद. शार्कने लचका तोडलेला मासा विक्रमास चालावयाचा नाही. हेमिंग्वेची 1952 सालची कादंबरी, जी पु. ल. देशपांडे ह्यांनी 'एका कोळियाने' ह्या नावाने मराठीत आणली, ती ज्यांनी वाचली असेल, त्यांस ह्या शेवटच्या नियमाचा अर्थ सांगावयास नको.

प्रत्यक्ष मृगया कशी चालते, ते आता पाहू. नाव मंद वेगाने चालत असते. तिच्या दोन्ही अंगांस लांब दांड्या बाहेर काढलेल्या असतात, आणि त्यांवरून सोडलेल्या दोऱ्यांची आमिषे नावेमागे फेसात उसळत येतात. तासामागून तास काहीच घडत नाही. मग अकस्मात पाण्यात एक सावली उठते, चरखी किंचाळू लागते, आणि शेकडो हात दोरा डोळ्यांदेखत निघून जातो. शिकारी नावेच्या मागील भागी रोवलेल्या फिरत्या खुर्चीत बसतो. काठी व चरखी पट्ट्यांनी त्याच्या अंगाशी बांधलेली असते. मासा पाण्याबाहेर उडी घेतो, खोल बुडी मारतो, पुन्हा उसळतो. तांडेल नाव मागे घेत त्याचा पाठलाग करतो. एवढ्या माशास बळाने कोणीच ओढू शकत नाही. दोऱ्यावरचा ताण कमी-अधिक करून त्यास थकवावयाचे असते. कधी अर्ध्या तासात निकाल लागतो, कधी अर्धा दिवस जातो. शेवटी मासा नावेच्या कडेस येतो, आणि खलाशी हातमोजे घालून दोऱ्याचा अखेरचा जाड भाग धरतो.

येथवर शौर्य आहे, कौशल्य आहे, धीरही आहे. खरा प्रश्न ह्या क्षणी उभा राहतो. एका खलाशाच्या हाती आकडी आहे, दुसऱ्याच्या हाती चिमटा. आकडी मारली तर मासा मेला. चिमट्याने गळ काढला वा दोरा कापला तर तो परत गेला. विक्रमाच्या वहीत वजन नोंदवावयाचे असेल, तर मासा जमिनीवर आणून तपासलेल्या काट्यावर टांगावा लागतो. मार्लिनास टांगावयाचे म्हणजे मारावयाचेच.

आता ज्ञानाची एक गोष्ट सांगतो, जी पूर्वीच्या शिकाऱ्यांच्या ध्यानात आलेली नव्हती. निळ्या मार्लिनांत नर लहान असतो. तो दीडशे किलोंच्या पुढे क्वचितच जातो. त्याहून कितीतरी मोठे होणारे मासे असतात, त्या माद्या होत. म्हणजे हजार पौंडांचा जो 'महावीर' काट्यावर टांगून त्याच्याशेजारी छायाचित्र काढावयाचे, तो वीर नसून माता असते. एका विणीत लक्षावधी अंडी घालणारी, आणि असंख्य संकटांतून वाचून एवढी थोर झालेली. ज्या जातीत सर्वांत मोठा प्राणी तीच सर्वांत मोठी जननी, त्या जातीत सर्वांत मोठ्यास मारण्याची स्पर्धा लावणे म्हणजे आंब्याच्या बागेत जे झाड सर्वांत जास्त फळते, तेच तोडणाऱ्यास बक्षीस देण्यासारखे आहे.

समाधानाची गोष्ट ही की, ह्या खेळातील पुष्कळ मंडळींनी हे ओळखले. आज मार्लिन धरणाऱ्यांत तो सोडून देण्याची रीत बरीच रूढ झाली आहे. टोक आत वळलेला गोल गळ वापरतात. तो पोटात न रुतता बहुधा जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो, आणि सोडलेला मासा जगण्याचा संभव वाढतो. कित्येक माशांस खुणेची पट्टी टोचून सोडतात; पुढे तोच मासा कोठे सापडला ह्यावरून त्याचा प्रवास कळतो. वजनाची उत्सुकता असल्यास गणित आहे. घेराचा वर्ग करून त्यास लांबीने गुणावे व 800 ने भागावे. मापे इंचांत घेतल्यास उत्तर पौंडांत येते. समजा घेर 75 इंच व लांबी 144 इंच आहे. 75 चा वर्ग 5,625, त्यास 144 ने गुणिले असता 8,10,000, भागाकार 1,012.5 पौंड. जे काम त्रैराशिकाच्या पाटीवर होते, त्यासाठी एक जीव काट्यावर टांगण्याचे कारण काय?

तथापि सर्व दोष हौशी लोकांच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. अटलांटिकातील मार्लिनांची संख्या घटली, ती मुख्यतः कुप्यासाठी सोडलेल्या लांब दोऱ्यांमुळे. हे दोरे कित्येक किलोमीटर लांब असतात, त्यांस हजारो गळ असतात, आणि कुप्याबरोबर मार्लिन, शार्क, कासवे जे येईल ते त्यांत सापडते. निसर्गरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय संघाने 2011 साली निळ्या मार्लिनाची गणना धोका असलेल्या जातींत केली, त्याचे मोठे कारण हेच. असेन्शनच्या पाण्यातही पूर्वी परदेशी जहाजे परवाना घेऊन असे दोरे सोडीत. 2019 साली बेटाच्या शासनाने आपल्या सर्व सागरी हद्दीत, म्हणजे 4,40,000 चौरस किलोमीटरांहून अधिक पाण्यात, व्यापारी मासेमारीस बंदी केली. महाराष्ट्राचे क्षेत्रफळ सुमारे 3,08,000 चौरस किलोमीटर. त्याच्या जवळजवळ दीडपट हा टापू. बेटालगतची रहिवाशांची व हौशी लोकांची मासेमारी तेवढी नियमांखाली चालू राहिली.

अशा निर्बंधांचे फळ काय असते, ह्याचा दाखला त्याच बेटावर आहे. ब्राझीलच्या किनाऱ्याकडून दोन हजारांहून अधिक किलोमीटर पोहून हिरवी कासवे असेन्शनच्या वाळूत अंडी घालावयास येतात. एकोणिसाव्या शतकात ती मांसासाठी पकडून जहाजांवर चढवीत, आणि त्यांची संख्या फार रोडावली. पकडणे थांबल्यावर, गेल्या काही दशकांत, ती कित्येक पटींनी वाढली आहे. ज्या बेटावर कोणीच कायमचा मालक नाही, तेथील पाहुण्यांनी पुढल्या पाहुण्यांसाठी ठेव राखली. आपापल्या भूमीचे पिढीजात मालक म्हणविणाऱ्या आम्हां लोकांस ह्यात शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

मृगयेचा वाद आपल्याकडे जुनाच आहे. मनुस्मृतीने ती राजाच्या व्यसनांत गणली. तर 'शाकुंतला'च्या दुसऱ्या अंकात सेनापती तिचे गुण गातो की शरीर हलके होते, प्राण्यांचे भय व क्रोध ओळखता येतात, चळत्या लक्ष्यावर नेम बसतो. विदूषकास हे मुळीच पटत नाही. पुढे सहाव्या अंकाच्या आरंभी राजाची मुद्रिका ज्यास माशाच्या पोटी सापडली, तो धीवर येतो. रक्षक त्याच्या धंद्यावरून त्यास हिणवितात, तेव्हा कुळाने आलेले काम निंद्य असले तरी टाकता येत नाही, असे तो निर्भयपणे सांगतो. धीवराचा हा बचाव आमच्या मते खरा आहे. परंतु हौशी शिकाऱ्यास तो उपलब्ध नाही. कारण त्याचे पोट त्या माशावर अवलंबून नाही. सेनापतीने सांगितलेले सर्व गुण मात्र त्यास मासा न मारताही मिळतात. श्रम तेच, धीर तोच, नेम तोच. आकडीने त्यात फक्त एक प्रेत अधिक मिळते. गळ लागल्याने माशास यातना होतात, हे सोडून दिल्यानेही पुसले जात नाही, हे आम्ही जाणतो. म्हणून ही हौस निर्दोष आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु दोन मार्गांतील अंतर जीवन व मरण ह्यांच्याएवढे आहे, आणि ते अंतर ओळखणारा शिकारी अर्धा तरी सुधारला, असे म्हणावयास हरकत नाही.

घरोघरी मुले आज निरनिराळ्या स्पर्धांत उतरतात, आणि जिंकण्याचे शिक्षण त्यांस सर्व बाजूंनी मिळते. जिंकल्यावर हात आवरण्याचे शिक्षण कोठल्याच शाळेत नेमलेले नाही. ते घरीच द्यावे लागते. असेन्शनच्या पाण्यात नावेच्या कडेस टेकलेली ती थोर निळी माता, आणि दोरा हाती असूनही तो कापणारा मनुष्य, हे चित्र मुलांपुढे ठेवावे, अशी आमची वडीलधाऱ्यांस विनंती आहे.