उदरांतील शांतिरक्षक

गर्भ मातेच्या रक्तावर पोसला जातो खरा. परंतु तो सर्वस्वी तिचा नव्हे. त्याचा निम्मा वारसा पित्याकडून आलेला असतो. परक्या देहाची कातडी आपल्या अंगावर बसविली तर रक्तांतील श्वेतपेशी तिच्यावर तुटून पडतात. मग गर्भाचीच त्या नऊ महिने गय कां करतात? हा प्रश्न पीटर मेडावर या शास्त्रज्ञानें १९५३ सालीं मांडला.

त्याच्या उत्तराचा एक धागा जपानांत सांपडला. श्वेतपेशींच्या सैन्यांत कांहींचें काम लढण्याचें नसून लढणाऱ्यांना आवरण्याचें असतें, असें शिमोन साकागुची यांनीं १९९५ सालीं दाखविलें. याच त्या नियामक पेशी. २००४ सालच्या प्रयोगांत, या पेशी नसलेल्या उंदरिणींना भिन्न वाणाच्या नरापासून राहिलेले गर्भ टिकले नाहींत. गर्भपात झालेल्या स्त्रियांच्या गर्भाशयाच्या अस्तरांतहि त्या कमी आढळल्या आहेत. या शोधाबद्दल साकागुची, मेरी ब्रंकॉव व फ्रेड रॅम्सडेल यांना २०२५ चें नोबेल पारितोषिक मिळालें.

तथापि ही उणीव गर्भपाताचें कारण कीं परिणाम, याचा निर्णय अद्याप लागलेला नाहीं. म्हणून उपायांविषयीं सावध असावें. पतीच्या श्वेतपेशी पत्नीस टोचण्याची पद्धत एके काळीं बरीच रूढ झाली होती. १९९९ सालीं प्रसिद्ध झालेल्या काटेकोर तुलनेंत तिचा लाभ दिसून आला नाहीं. याउलट, रक्त गोठविणाऱ्या विशिष्ट प्रतिद्रव्यांचा दोष तपासणींत निश्चित झाल्यास ॲस्पिरिन व हेपारिन दिलें जातें. दोनदां गर्भपात झाला असतां अशी तपासणी अवश्य करून घ्यावी.

आमच्या भगिनींस व त्यांच्या सासूबाईंस एवढेंच सांगावयाचें आहे कीं, जिना चढल्यानें किंवा ग्रहण न पाळल्यानें गर्भ जात नसतो. पहिल्या तीन महिन्यांतील सुमारें निम्मे गर्भपात गर्भाच्या गुणसूत्रांतील दोषामुळें होतात. त्यांत कोणाचाच अपराध नसतो. पुष्कळदां सर्व तपासण्या करूनहि कारण सांपडत नाहीं. परंतु अशांपैकीं अनेक स्त्रियांना पुढें विशेष औषधावांचूनहि सुखरूप अपत्यप्राप्ति होते. तोंवर घरांतील सुनेला दूषण न देतां धीर द्यावा; तें तरी आपल्या हातीं आहे.