स्तनाच्या कर्करोगाच्या उपचारांनंतर जीवनसत्त्वे, टॉनिके व अन्य पूरके घेताना

स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि किरणोपचार पार पडून आपण घरी परतता, तेव्हा रुग्णालयाच्या कागदपत्रांपाठोपाठ घरात आणखी काही वस्तू येऊ लागतात. बहीण कॅल्शियमची बाटली आणते, शेजारी हळदीच्या कॅप्सूल सुचवितात, मुलगा मोबाइलवरून प्रतिकारशक्ती वाढविणारी म्हणून एखादी पावडर मागवितो. भेटीस येणारा प्रत्येक जण काहीतरी घेऊन येतो आणि त्यामागील माया खरी असते. त्या मायेस नकार देण्यासाठी हे पत्रक नाही. आणलेल्या बाटल्यांपैकी कोणती उपयोगाची, कोणती डॉक्टरांना दाखविल्याशिवाय उघडू नये आणि कोणती बाजूला ठेवावी, हे आपणांस ठरविता यावे, यासाठी ते आहे.

प्रथम मुख्य गोष्ट. कोणतेही जीवनसत्त्व, खनिज, वनौषधीचा अर्क किंवा पावडर घेतल्याने स्तनाचा कर्करोग पुन्हा उलटत नाही, असे आजवर सिद्ध झालेले नाही. आजार उलटू नये यासाठीचे सिद्ध औषध मात्र आपल्यापैकी अनेकींच्या हाती आधीच दिलेले असते. ज्यांच्या गाठीच्या तपासणी अहवालात ‘ईआर पॉझिटिव्ह’ असा शेरा असतो, त्यांना टॅमॉक्सिफेन, किंवा लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल यांसारखी हार्मोनवर काम करणारी गोळी किमान पाच वर्षे, काहींना त्याहूनही अधिक काळ घ्यावयाची असते. अनेक चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासातून असे दिसून आले आहे की, पाच वर्षे टॅमॉक्सिफेन घेतल्याने अशा रुग्णांमध्ये या रोगाने होणारे मृत्यू पहिल्या पंधरा वर्षांत सुमारे एकतृतीयांशाने कमी होतात. दिसावयास ही गोळी साधी असते, तिची जाहिरातही कोठे होत नाही. म्हणून कोणतेही पूरक हाती घेताना पहिला प्रश्न हा असावा: यामुळे माझ्या रोजच्या गोळीच्या कामात बाधा तर येणार नाही?

हळद: स्वयंपाकातील आणि कॅप्सूलमधील

हा प्रश्न सर्वांत अधिक लागू पडतो तो हळदीच्या कॅप्सूलना. टॅमॉक्सिफेनची गोळी पोटात गेल्यावर यकृत तिचे रूपांतर एन्डॉक्सिफेन नावाच्या द्रव्यात करते, आणि कर्करोगाविरुद्धचे बरेचसे काम हे द्रव्यच करते. नेदरलँड्समध्ये झालेल्या एका लहान अभ्यासात टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या रुग्णांना हळदीतील कर्क्युमिन हा घटक मोठ्या मात्रेत देण्यात आला, तेव्हा त्यांच्या रक्तातील एन्डॉक्सिफेनचे प्रमाण घटले. कर्क्युमिनसोबत काळ्या मिरीतील पायपरिन दिले असता ते आणखी घटले. बाजारातील पुष्कळशा कॅप्सूलमध्ये हीच जोडी असते, कारण मिरीमुळे कर्क्युमिन अंगी अधिक लागते. ज्या गुणासाठी ती कॅप्सूल विकली जाते, तोच येथे अडचणीचा ठरतो. मोठ्या मात्रेतील अशा कॅप्सूलमुळे यकृतास इजा झाल्याची उदाहरणेही नोंदली गेली आहेत.

याचा अर्थ भाजी-आमटीतील हळद सोडावी, असा मुळीच नाही. हळदीच्या पुडीत कर्क्युमिनचे प्रमाण शेकडा तीनच्या आसपास असते. ५०० मिलिग्रॅमच्या एका कॅप्सूलइतके कर्क्युमिन मिळविण्यासाठी सुमारे पाच चहाचे चमचे हळद खावी लागेल, तेवढी कोणीही खात नाही. फोडणीतील चिमूटभर हळद किंवा रात्रीचे हळद घातलेले दूध यांबाबत चिंता नसावी. टॅमॉक्सिफेन घेत असताना कर्क्युमिनच्या कॅप्सूल मात्र घेऊ नयेत.

परदेशातील नातलगांकडून येणाऱ्या बाटल्यांमध्ये मन प्रसन्न ठेवण्यासाठी म्हणून ‘सेंट जॉन्स वर्ट’ ही वनस्पती असू शकते. ती यकृतातील औषधे मोडणारी यंत्रणा इतकी वाढविते की, टॅमॉक्सिफेनसह अनेक औषधांचा प्रभाव कमी होतो. ती टाळावी. अश्वगंधा व गुळवेल यांच्या सेवनानंतर काही व्यक्तींना कावीळ व यकृताचा दाह झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाली आहेत. केमोथेरपीने यकृत आधीच श्रमलेले असल्यास ही शक्यता डोळ्यांआड करता येत नाही. आपण आयुर्वेदिक उपचार घेऊ इच्छित असाल, तर ते नोंदणीकृत वैद्यांकडून घ्यावेत आणि वैद्य व कर्करोगतज्ज्ञ या दोघांनाही एकमेकांच्या औषधांची माहिती द्यावी. ‘हे तर घरगुतीच आहे’ असे म्हणून न सांगणे, ही नेहमी आढळणारी चूक आहे.

अंगातून वाफा निघणे, घाम फुटणे, झोप मोडणे हे त्रास हार्मोनच्या गोळ्यांमुळे होतात आणि ते खरोखरच बेजार करणारे असतात. त्यांवर सोया आयसोफ्लेव्होन, ब्लॅक कोहोश, शतावरीचा अर्क इत्यादींच्या गोळ्या सुचविल्या जातात. यांपैकी काहींचा परिणाम इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकासारखा होऊ शकतो, आणि आपली गोळी तर त्या संप्रेरकाला रोखण्यासाठीच दिलेली असते. त्यामुळे अशा गोळ्या स्वतःहून घेऊ नयेत. अन्न म्हणून प्रमाणात खाल्लेले सोयाबीन, सोयावडी किंवा टोफू यांपासून धोका आढळलेला नाही. ते खुशाल खावे. वाफांचा त्रास सहन होत नसल्यास डॉक्टरांना सांगावे, कारण त्यावर हार्मोन नसलेली औषधे उपलब्ध आहेत. त्रास होतो म्हणून मूळ गोळीच गुपचूप बंद करणे हे सर्वांत घातक होय.

जेथे पूरकांची खरोखर गरज असते

आता हाडांविषयी. लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल व एक्झेमेस्टेन या गोळ्या शरीरातील इस्ट्रोजेन अत्यल्प करतात. इस्ट्रोजेन कमी झाले की हाडे विरळ होऊ लागतात आणि साध्या पडण्यानेही मनगट, मणका किंवा खुब्याचे हाड मोडू शकते. केमोथेरपीमुळे किंवा इंजेक्शनांमुळे ज्यांची पाळी अकाली बंद झाली आहे, त्यांनाही हा धोका असतो. रजोनिवृत्तीनंतर टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या स्त्रियांची हाडे मात्र त्या गोळीमुळे काहीशी राखली जातात. म्हणजे दोन मैत्रिणींना एकच आजार असला, तरी दोघींची गरज एक नसते. शेजारणीच्या चिठ्ठीवरून औषध आणू नये ते याच कारणाने.

लेट्रोझोल गटातील गोळी सुरू करताना हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी आणि रक्तातील ड जीवनसत्त्वाची पातळी यांविषयी डॉक्टरांना विचारावे. प्रौढ स्त्रीस दिवसाला १,००० ते १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. एक पेला दुधातून साधारण २५० मिलिग्रॅम मिळते. शंभर ग्रॅम नाचणीच्या पिठातून सुमारे ३५० मिलिग्रॅम मिळते. हीच नाचणी देशात अन्यत्र रागी किंवा मंडुआ या नावांनी ओळखली जाते. तीळ, दही, पनीर, राजगिरा आणि काट्यांसकट खाल्ले जाणारे लहान मासे हेही चांगले स्रोत होत. आहारातून जे मिळते ते मोजून उरलेल्या तुटीपुरतीच गोळी घ्यावी. एका वेळी ५०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम शरीर नीट शोषून घेत नाही, म्हणून मोठी मात्रा दोन वेळांत विभागावी. कॅल्शियम कार्बोनेटची गोळी जेवणाबरोबर घ्यावी. थायरॉइडची गोळी व कॅल्शियम यांत किमान चार तासांचे, आणि लोह व कॅल्शियम यांत दोन तासांचे अंतर ठेवावे.

ड जीवनसत्त्वाच्या ६०,००० युनिटच्या पुडीविषयी स्वतंत्रपणे सांगणे आवश्यक आहे. ही पुडी सामान्यतः आठवड्यातून एकदा आणि ठरावीक आठवड्यांपुरतीच दिलेली असते. व्यवहारात मात्र तीच चिठ्ठी पुन्हा पुन्हा दुकानात दाखविली जाते आणि पुड्या वर्षभर चालू राहतात. कोणी तर चुकून रोज एक घेते. हे जीवनसत्त्व चरबीत साठते, जास्त झाल्यास लघवीवाटे निघून जात नाही. ते साचले की रक्तातील कॅल्शियम वाढते आणि मळमळ, बद्धकोष्ठ, सतत तहान, वारंवार लघवी, ग्लानी अशी लक्षणे दिसू लागून मूत्रपिंडास इजा होऊ शकते. पुडी किती आठवडे घ्यावयाची, हे चिठ्ठीवर लिहून घ्यावे आणि त्या मुदतीनंतर थांबावे. हाडांसाठी झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड किंवा डेनोसुमॅबचे इंजेक्शन मिळत असल्यास उलट काळजी घ्यावी लागते: त्या काळात सांगितलेले कॅल्शियम व ड जीवनसत्त्व चुकवू नये, अन्यथा रक्तातील कॅल्शियम एकदम खाली जाऊ शकते. अशा इंजेक्शनापूर्वी दातांचीही तपासणी करून घ्यावी.

थकवा, रक्त व केस

उपचारानंतर महिनोन्‌महिने थकवा राहतो, आणि टॉनिकांचा मोठा खप या थकव्यावरच होतो. थकव्याचे कारण रक्तात लोह कमी असणे, बी-१२ कमी असणे, थायरॉइड मंदावणे, झोप न लागणे, मन खचणे यांपैकी काहीही असू शकते. एकाच बाटलीत या सर्वांवरील उत्तर नसते. हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२ व थायरॉइड यांच्या तपासण्यांनंतर जे कमी आढळेल तेवढेच भरून काढावे. शाकाहारी व्यक्तींमध्ये आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांमध्ये बी-१२ची कमतरता पुष्कळ आढळते. ती असल्यास तिचा उपचार अवश्य झाला पाहिजे. ज्यांना गोळीच्या स्वरूपातील केमोथेरपी म्हणून कॅपेसिटाबिन चालू आहे, त्यांनी फॉलिक अ‍ॅसिड असलेली मल्टिव्हिटॅमिन गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. त्यामुळे त्या औषधाचे दुष्परिणाम तीव्र होऊ शकतात.

केस परत यावेत म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेतल्या जातात. केमोथेरपीने गेलेले केस बहुतेक रुग्णांमध्ये काही महिन्यांत आपोआप येतात. बायोटिनची मोठी मात्रा मात्र काही रक्ततपासण्यांचे निकाल चुकविते, त्यांत थायरॉइडची व हृदयविकाराच्या झटक्याची तपासणीही येते. आपण बायोटिन घेत असाल, तर रक्त देण्यापूर्वी प्रयोगशाळेत तसे सांगावे. प्रथिनांच्या पावडरीऐवजी डाळ, उसळ, अंडी, दूध, मासे यांवर भर देणे बहुतेकींना पुरते. भूक अगदीच नसेल किंवा वजन घटत असेल, तर आहारतज्ज्ञांच्या सल्ल्याने पावडर घ्यावी.

‘जीवनसत्त्वाने काय बिघडणार?’

हा प्रश्न दवाखान्यात वारंवार विचारला जातो, आणि त्याचे उत्तर एका मोठ्या चाचणीने दिलेले आहे. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९ हजारांहून अधिक पुरुषांवर ही चाचणी झाली. गाजरातील बीटा-कॅरोटिन गोळीतून दिल्यास फुप्फुसाचा कर्करोग कमी होईल, अशी अपेक्षा होती. १९९४ साली निष्कर्ष आले, तेव्हा गोळी घेणाऱ्यांमध्ये तो कर्करोग सुमारे १८ टक्क्यांनी अधिक आढळला. भाजीतून मिळणारे द्रव्य आणि त्याचाच गोळीतील मोठा डोस यांचे परिणाम सारखे असतीलच, असे नाही.

केमोथेरपी वा किरणोपचार चालू असताना क व ई जीवनसत्त्वे, कोएन्झाइम क्यू-१० यांसारख्या अँटिऑक्सिडंटच्या मोठ्या मात्रा टाळाव्यात. अमेरिकेतील ११३४ रुग्णांच्या पाहणीत, केमोथेरपीपूर्वी व तिच्या काळात असे अँटिऑक्सिडंट घेणाऱ्यांमध्ये आजार उलटण्याचा कल अधिक दिसला. तशा पाहणीतून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. तथापि लाभाचा पुरावा नसताना ही जोखीम पत्करण्याचे कारण नाही. ई जीवनसत्त्व, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, लसणाचा अर्क व गिंको यांमुळे रक्तस्राव वाढू शकतो, म्हणून स्तनाची पुनर्रचना किंवा अन्य कोणतीही शस्त्रक्रिया ठरल्यास ते किती दिवस आधी थांबवावे, हे शल्यचिकित्सकांना विचारावे.

वेष्टन व जाहिरात

भारतात आरोग्य पूरके ही अन्नपदार्थ म्हणून नियंत्रित केली जातात, औषध म्हणून नव्हे. म्हणूनच त्यांच्या वेष्टनावर, ती औषधी वापरासाठी नाहीत, अशी सूचना व एफएसएसएआयचा चौदा अंकी परवाना क्रमांक असतो. हा क्रमांक नसलेली वस्तू घेऊ नये. क्रमांक असणे म्हणजे ती कर्करोगावर गुणकारी आहे, असेही समजू नये. कर्करोग बरा करण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना १९५४च्या औषधे व जादुई उपाय कायद्याने मनाई आहे. असा दावा दिसल्यास तोच ती वस्तू न घेण्यास पुरेसा आहे.

पुढील तपासणीस जाताना

घरातील सर्व बाटल्या, पुड्या, चूर्णे व तेलाच्या कॅप्सूल एका पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्याव्यात. नावे पाठ करण्यापेक्षा हे सोपे असते आणि वेष्टनावरील बारीक अक्षरे डॉक्टरांना वाचता येतात. आजवर काही न सांगता घेतले असेल, तर संकोच करू नये. रागावले जाण्याची भीती बाळगून लपविणे अधिक महाग पडते. सोबत येणाऱ्या नातलगांनीही आपण काय आणून दिले, ते सांगावे.

डोळे किंवा लघवी पिवळी दिसणे, अंगाला खाज सुटणे, उजव्या बरगडीखाली दुखणे, अकारण रक्तस्राव, सतत उलट्या किंवा भ्रम यांपैकी काही आढळल्यास पूरक त्वरित थांबवून, बाटली सोबत घेऊन रुग्णालयात जावे. हार्मोनची गोळी मात्र डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय थांबवू नये. औषधामुळे झालेल्या दुष्परिणामाची नोंद भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर आपण स्वतः करू शकता.