सेकंदभर जगणारा वायू

छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी आपल्याकडे कितीतरी वडीलधाऱ्यांच्या खिशात असते. तिचं कुळ जुनं आहे. १८४७ मध्ये तुरीनला अस्कानिओ सोब्रेरोने नायट्रोग्लिसरीन तयार केलं, त्याची चव घेतली आणि त्याचं डोकं भयंकर ठणकू लागलं. याच द्रव्यातून पुढे आल्फ्रेड नोबेलचा डायनामाइट आला. १८७९ मध्ये लंडनच्या विल्यम मरेलने ते हृदयशूळावर गुणकारी असल्याचं प्रसिद्ध केलं, आणि १८९६ मध्ये हृदयविकाराने खंगलेल्या खुद्द नोबेललाही डॉक्टरांनी नायट्रोग्लिसरीनच लिहून दिलं. औषधाला गुण होता. तो का येतो, हे मात्र पुढची ऐंशी वर्षं कळलं नाही.

१९७७ मध्ये अमेरिकेत फरीद मुराद यांनी दाखवलं की या औषधांतून नायट्रिक ऑक्साइड सुटतो आणि त्यामुळे रक्तवाहिनीचा स्नायू सैलावतो. मोटारींच्या धुरात सापडणारा हा वायू शरीर स्वतःच बनवत असेल, अशी शंका तेव्हा फारशी कुणाला आली नाही.

ती वाट एका चुकीमुळे सापडली. ब्रुकलिनमध्ये रॉबर्ट फर्चगॉट सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवर वर्षानुवर्षं प्रयोग करत होते. अॅसिटिलकोलीनच्या जातीचं औषध घातलं की पट्टी आकसायची. १९७८ मध्ये त्यांच्या सहायकाकडून प्रयोगाचा क्रम चुकला आणि पट्टी आकसण्याऐवजी सैल पडली. दुसरा कुणी असता तर त्याने पुन्हा नीट करायला सांगून विषय संपवला असता. फर्चगॉट मात्र त्या चुकीच्या मागे लागले. पट्ट्या कापताना धमनीचं आतलं नाजूक अस्तर घासून निघत होतं, हे त्यांच्या लक्षात आलं. अस्तर शाबूत असेल तरच धमनी सैलावत होती. मग त्यांनी अस्तर नसलेली पट्टी अस्तर असलेल्या पट्टीला चिकटवून ठेवली, तर तीही सैलावली! म्हणजे अस्तरातून काहीतरी पाझरत होतं. १९८० मध्ये हे प्रसिद्ध झालं. मला विचाराल तर या साऱ्या कहाणीतला सर्वांत देखणा प्रयोग हाच.

पाझरणारा पदार्थ सेकंदांत नाहीसा व्हायचा, त्यामुळे त्याला ओळखायला आणखी सात वर्षं गेली. १९८६ मध्ये फर्चगॉट आणि लुई इग्नारो यांनी एकाच परिषदेत नायट्रिक ऑक्साइडचं नाव घेतलं. १९८७ मध्ये इंग्लंडमध्ये साल्वादोर मोंकादा यांच्या गटाने आणि अमेरिकेत इग्नारोंनी पुरावा दिला. १९९८ चं नोबेल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना मिळालं. मोंकादा राहिले. ते राहायला नको होते, असं म्हणणारे पुष्कळ होते आणि मीही त्यांच्यातलाच.

मग या शोधाचा रोख म्हातारपणाकडे वळला. वय वाढतं तसं अस्तराकडून हा वायू कमी मिळतो, आणि जो मिळतो तोही लवकर निकामी होतो. धमन्या ताठरतात, रक्तदाब चढतो. मधुमेह आणि तंबाखू हेच नुकसान अकाली ओढवून आणतात. बाजाराला एवढं पुरेसं होतं. शरीर हा वायू आर्जिनीन या अमिनो आम्लापासून बनवतं, तर आर्जिनीनची पावडर खा आणि तरुण व्हा! इग्नारोंनीही एका बड्या कंपनीच्या अशा उत्पादनाला आपलं नाव दिलं. २००६ मध्ये एका अमेरिकी चाचणीचा निकाल आला. हृदयविकाराच्या झटक्यातून वाचलेल्या १५३ रुग्णांपैकी काहींना आर्जिनीन, काहींना नुसतं दिखाऊ औषध दिलं होतं. धमन्यांचा ताठरपणा कमी झाला नाही. उलट आर्जिनीनच्या गटात सहा जण दगावले, दुसऱ्या गटात एकही नाही. चाचणी थांबवावी लागली. ती लहान होती, त्यामुळे दोष आर्जिनीनचाच असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. तरी झटका येऊन गेलेल्यांना ते देऊ नये, असं संशोधकांनी स्पष्ट सांगितलं.

बीटाचं प्रकरण जास्त प्रामाणिक आहे. बीट-पालकातल्या नायट्रेटचं नायट्राइट तोंडातले जिवाणू करतात आणि त्यापासून पुढे नायट्रिक ऑक्साइड बनतो. २००८ मध्ये लंडनला निरोगी माणसांना अर्धा लिटर बीटाचा रस दिला, तेव्हा वरचा रक्तदाब सुमारे १० अंकांनी उतरला, पण तो फार तर दिवसभरापुरताच. जंतुनाशक माउथवॉशने सतत चुळा भरल्या तर हे उपयोगी जिवाणूच मरतात. रोजची बीपीची गोळी बंद करायला बीटाचा रस हे कारण पुरेसं नाही.

टिकाऊ गुण चालण्याचा दिसला. रक्ताचा वेग वाढला की त्याचं घर्षण अस्तराला हा वायू जास्त बनवायला लावतं. २००० मध्ये कोलोरॅडोत बैठ्या सवयीच्या प्रौढ पुरुषांनी तीन महिने नियमित चालण्याचा व्यायाम केला, तर त्यांच्या धमन्यांचा प्रतिसाद जवळजवळ तरुणांसारखा झाला. रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांमध्ये निकाल इतके ठाम नाहीत.

एक गोष्ट संकोचापोटी घराघरांत लपवली जाते. त्या नोबेल पुरस्काराच्याच वर्षी बाजारात आलेली व्हायग्रा याच वायूचा परिणाम लांबवते. ती घेतलेल्या माणसाला सॉर्बिट्रेट दिली तर रक्तदाब एकदम कोसळून जीव जाऊ शकतो. छातीत दुखतंय म्हणून दवाखान्यात जाल, तेव्हा ती गोळी घेतली असेल तर डॉक्टरांना आधी ते सांगा.