वस्तू व सेवा कर परिषद

वस्तू व सेवा कर परिषद (रूढ नाव: जीएसटी परिषद) ही भारतातील केंद्र सरकार व राज्य सरकारे यांची संयुक्त घटनात्मक संस्था आहे. संविधानाच्या कलम २७९अ अन्वये सप्टेंबर २०१६ मध्ये तिची स्थापना झाली. या कराचे दर, सवलती, नोंदणीसाठीची उलाढालीची मर्यादा इत्यादी बाबींविषयी केंद्राला व राज्यांना शिफारशी करणे हे तिचे कार्य आहे. पूर्वी स्वतंत्रपणे वापरला जाणारा करआकारणीचा अधिकार केंद्र व राज्ये येथे एकत्र बसून वापरतात. म्हणून संघराज्यातील सत्ताविभागणीच्या अभ्यासात या परिषदेला महत्त्व आहे.

पार्श्वभूमी

संविधानाच्या सातव्या अनुसूचीने अप्रत्यक्ष करांची वाटणी केली होती. बहुतेक वस्तूंवरील उत्पादन शुल्क केंद्राकडे, तर विक्रीवरील कर मुख्यतः राज्यांकडे होता. परिणामी एकाच वस्तूवर कारखान्यात केंद्राचा व दुकानात राज्याचा कर लागे आणि दुसऱ्या कराची आकारणी पहिल्या करासह होणाऱ्या किमतीवर होई. १०१व्या घटनादुरुस्तीने (२०१६) कलम २४६अ समाविष्ट करून संसद व राज्य विधिमंडळे या दोहोंना वस्तू व सेवा या दोन्हींवर कर लावण्याचा अधिकार दिला. १ जुलै २०१७ पासून (जम्मू-काश्मीरमध्ये ८ जुलैपासून) नवा कर लागू झाला.

कराची वाटणी

राज्यांतर्गत विक्रीवरील कर केंद्र व राज्य यांत निम्मा-निम्मा विभागला जातो. उदाहरणार्थ, पुण्यात तयार झालेली १८ टक्के कराची वस्तू नागपुरात विकली गेली, तर केंद्राला ९ व महाराष्ट्राला ९ टक्के मिळतात. तीच वस्तू इंदूरच्या व्यापाऱ्याला विकली, तर केंद्र एकात्मिक कर गोळा करते आणि वस्तूचा उपभोग मध्य प्रदेशात झाल्यास राज्याचा हिस्सा त्या राज्याला जातो. कर उत्पादनाच्या नव्हे, तर उपभोगाच्या ठिकाणी जमा होत असल्याने महाराष्ट्र, गुजरात, तमिळनाडू यांसारख्या उत्पादक राज्यांना महसूल घटण्याची भीती वाटत होती.

रचना व मतदान

केंद्रीय अर्थमंत्री परिषदेचे अध्यक्ष असतात. महसूल किंवा वित्त खात्याचे केंद्रीय राज्यमंत्री आणि प्रत्येक राज्याचा अर्थ वा करखात्याचा अथवा राज्याने नामनिर्देशित केलेला अन्य मंत्री हे सदस्य असतात. विधानसभा असलेले केंद्रशासित प्रदेश धरून ३१ राज्ये व प्रदेशांना प्रतिनिधित्व आहे.

केंद्राच्या मताचे मूल्य एक-तृतीयांश, तर सर्व राज्यांच्या मतांचे मिळून दोन-तृतीयांश असते. निर्णयासाठी उपस्थित व मतदान करणाऱ्या सदस्यांच्या मतमूल्यापैकी किमान तीन-चतुर्थांश मते लागतात. त्यामुळे केंद्राच्या विरोधात कोणताही निर्णय होऊ शकत नाही. तसेच सर्व सदस्य मतदान करीत असताना १२ राज्यांनी एकत्र विरोध केल्यास केंद्राचा प्रस्तावही संमत होत नाही. लोकसंख्या कितीही असली, तरी प्रत्येक राज्याचे मतमूल्य सारखेच असते. महाराष्ट्र व गोवा या बाबतीत समान आहेत.

बहुतेक निर्णय सहमतीने होतात. पहिले मतदान डिसेंबर २०१९ मध्ये लॉटरीवरील कराच्या प्रश्नावर झाले. सप्टेंबर २०२५ मध्ये परिषदेने ५ व १८ टक्के हे दोन मुख्य दर आणि काही निवडक वस्तूंसाठी ४० टक्के दर अशी फेररचना मान्य केली.

भरपाईचा वाद

राज्यांची भीती दूर करण्यासाठी केंद्राने पाच वर्षांच्या भरपाईची कायदेशीर हमी दिली. २०१५-१६ हे आधारवर्ष धरून महसुलात दरवर्षी १४ टक्के वाढ गृहीत धरली गेली आणि तुटीची भरपाई विशेष उपकरातून करण्याचे ठरले. २०२० मध्ये कोविड साथीमुळे करसंकलन घसरले, उपकरही अपुरा पडला. कर्ज कोणी काढावे, यावर केंद्र व काही राज्ये यांच्यात तीव्र मतभेद झाले. अखेर केंद्राने कर्ज काढून २०२०-२१ मध्ये १.१ लाख कोटी व २०२१-२२ मध्ये १.५९ लाख कोटी रुपये राज्यांना दिले. भरपाईची मुदत ३० जून २०२२ रोजी संपली. कर्जफेडीसाठी उपकर मात्र पुढे चालू ठेवण्यात आला.

न्यायालयीन निर्णय

मोहित मिनरल्स प्रकरणात १९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने परिषदेच्या शिफारशी संसद व विधिमंडळांवर बंधनकारक नसल्याचा निर्वाळा दिला. त्या विचारात घेण्याजोग्या असल्या, तरी कायदा करण्याचा अंतिम अधिकार लोकनियुक्त सभागृहांचाच आहे, असा या निर्णयाचा आशय आहे.

परिषदेबाहेरील विषय व स्थानिक संस्था

मानवी सेवनासाठीचे मद्य या कराच्या कक्षेबाहेर आहे. पेट्रोल, डिझेल, कच्चे तेल, नैसर्गिक वायू व विमानाचे इंधन यांवर परिषदेच्या शिफारशीनंतरच हा कर लागू होऊ शकतो. मद्य व इंधन ही राज्यांच्या हाती उरलेली महसुलाची मोठी साधने आहेत.

परिषदेत महानगरपालिका, नगरपालिका किंवा पंचायती यांचा प्रतिनिधी नसतो. तथापि नव्या कराचा सर्वात थेट परिणाम झालेल्या संस्थांत बृहन्मुंबई महानगरपालिकेची गणना होते. दहिसर, मुलुंड, मानखुर्द इत्यादी नाक्यांवर गोळा होणारी जकात हे तिचे सर्वात मोठे उत्पन्नाचे साधन होते. ती १ जुलै २०१७ पासून बंद झाली. महाराष्ट्रातील इतर महानगरपालिकांचा स्थानिक संस्था कर बहुतेक व्यापाऱ्यांसाठी २०१५ मध्येच रद्द झाला होता. या संस्थांना भरपाई देण्यासाठी राज्याने २०१७ मध्ये स्वतंत्र कायदा केला. राज्यांना केंद्राकडून मिळणारी हमी पाच वर्षांपुरती होती. महापालिकांचे अनुदान मात्र राज्याच्या तिजोरीवर अवलंबून आहे आणि स्वतः दर ठरवून वसूल करण्याचा जुना अधिकार त्यांच्याकडे उरलेला नाही.